ताण तोडायला या

कारंजा (घाडगे)
११ डिसेंबर २०२३

राकेश भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकू नका. कोणी मेलेलं नाही. पत्राचा कोपरा फाडलेला नाही, पाहून घ्या. तुमच्या वहिनीला तुमच्याशी बोलायचं आहे आणि तुम्ही फोन उचलत नाही, एवढीच गोष्ट. आमच्या अंकिताच्या फोनवरून लावला तरी माझा आवाज आला की तुम्ही ठेवून देता. शेवटी तुमच्या दोस्ताच्या, सचिनच्या कृषी केंद्रात गेले आणि तुमचा पत्ता मागितला. तो आधी म्हणाला, "मले कुठं माहीत हाय वहिनी." मी त्याच्या दुकानातल्या खताच्या पोत्यावर बसून राहिले. गिऱ्हाईक खोळंबायला लागलं तेव्हा त्याने मुकाट्याने चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. त्याच्यावर चिडू नका. बालपणी तुमचीही बरीच खोटी बोलणी मी अशीच बसून बाहेर काढलेली आहेत.

वाळूजला कंपनीत आहात म्हणे. जेवता कुठे? खानावळीत डाळीला फोडणी घालतात की नुसतं हळदीचं पाणी?

आता तुमच्या दादांचं सांगते. दसऱ्याआधी त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. त्यांनी ते घरात कोणालाच सांगितलं नाही. उन्हाळी लागली असेल म्हणून धने भिजवून त्याचं पाणी पीत राहिले. अंकिता कॉलेजातून सुट्टीवर आली होती, तिने मोरीत पाहिलं आणि आरडाओरडा करून नागपूरला नेलं. उजव्या किडनीत गाठ होती. किडनीसकट काढून टाकली. आता एक आहे, आणि एका किडनीवर माणूस आरामात जगतो असं डॉक्टरच म्हणाले. बरे आहेत. काळजीचं काही नाही.

संत्र्याच्या बागेत अंबिया बहाराचा ताण सुरू आहे. पाणी बंद केलं, पानं मलूल व्हायला लागली, आणि तुमच्या दादांना ती मलूल पानं पाहूनच समाधान. झाड तहानलं पाहिजे, मरायची भीती वाटली पाहिजे, मग पाणी मिळालं की अंगभर फुलतं, हे त्यांचं पुराण तुम्हाला पाठ आहे. अजून टाके पुरते सुकले नाहीत आणि काठी टेकत रोज बागेत जातात.

संक्रांतीला येऊन जा. मी पत्र लिहिलं हे त्यांना माहीत नाही.

तुमची वहिनी
मनकर्णा


२९ जानेवारी २०२४

भाऊजी,

संक्रांत गेली. तुम्ही आला नाहीत, उत्तर आलं नाही, पण पत्रही परत आलं नाही. म्हणजे घेतलंत. एवढ्यावर मी दुसरं लिहिते आहे.

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं होतं. काळजीचं काही नाही, हे. गाठ कॅन्सरची होती, आणि किडनी काढली तरी तिचं बी फुप्फुसात जाऊन पडलं आहे. तिथे कापता येत नाही. डिसेंबरपासून गोळ्या सुरू केल्या आहेत.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, अकोल्याकडची. समजावून सांगते, हाकलून देत नाही. तिने कागदावर गाठ काढली आणि भोवती बारीक बारीक रेघा ओढल्या. म्हणाली, ही गाठ मोठी हुशार असते, काका. वाढायला रक्त लागतं, म्हणून ती आसपासच्या रक्तवाहिन्यांना निरोप धाडते आणि त्यांना आपल्याकडे नव्या फांद्या फोडायला लावते. ही गोळी तो निरोपच अडवते. रक्त मिळालं नाही की गाठ सुकते.

तुमचे दादा कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे तिले ताण द्याचा."

बाईला ताण माहीत नव्हता. मग यांनी तिला सगळा बहार सांगितला, पाणी कधी बंद करायचं, किती दिवस, पान कसं कोकडतं. बाहेर रांग लागली होती. ती शेवटपर्यंत ऐकून हसली आणि म्हणाली, अगदी तसंच, काका. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजलं.

भाऊजी, ऑपरेशननंतर हा माणूस पहिल्यांदा ताठ बसला. बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं. गावात तानबा न्हाव्याला सांगितलं, त्याने दाढी अर्धी ठेवून ऐकलं. आपल्या आजाराची नस आपल्याला कळली, याचा त्यांना फार आधार वाटतो. मलाही वाटला, खोटं कशाला बोलू.

गोळी चार आठवडे घ्यायची आणि दोन आठवडे बंद ठेवायची. शरीराला उसंत हवी म्हणून. ते ऐकून यांनी विचारलं, "मंग त्या दोन हप्त्यात तिले पाणी लागन ना?" तेवढ्यात बाईचा फोन वाजला आणि आम्ही उठलो.

आता तरी एक ओळ लिहा. त्यांना नाही तर मला.

मनकर्णा


१७ मार्च २०२४

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. "दादाले जपजा." दोन शब्द. कार्डावर एवढी जागा कोरी ठेवून पाठवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. पण मिळालं. पिठाच्या डब्याखाली ठेवलं आहे.

चांगली बातमी आधी. स्कॅनमध्ये गाठी लहान झाल्या आहेत. डॉक्टरीणबाईने पडद्यावर आधीचं आणि आताचं शेजारी शेजारी लावून दाखवलं. मला दोन्ही ढगच दिसले, पण अंकिता रडली म्हणजे खरं असणार.

गोळी मात्र फुकट काही देत नाही. तुमच्या दादांची मिशी पांढरी झाली. मुळापासून, काही आठवड्यांत. ज्या मिशीसाठी ते लग्नात हळद लावू देत नव्हते ती मिशी. चेहरा पिवळट झाला आहे. तोंड आलं आहे, सारख्या गुळण्या करतात. तळहात आणि तळपाय सोलले आहेत, कातर धरता येत नाही. परवा व्यापारी बाग पाहायला आला तेव्हा हात उपरण्यात लपवून बोलत होते. भाजीत मीठ नाही म्हणतात, आणि मीठ घातलं तर कडू लागतं म्हणतात. माझा स्वयंपाक बिघडला नाही, त्यांची जीभ बिघडली, हे पटवायला मला अंकिताला साक्षीदार आणावं लागतं.

एक मात्र समजत नाही. गोळीच्या चार आठवड्यांत माणूस त्रासलेला असायला हवा आणि उसंतीच्या दोन आठवड्यांत जरा खुलायला हवा. यांचं उलट आहे. उसंत सुरू झाली की घाबरतात. बोलत नाहीत, जेवण अर्धं करतात, ओठ फुटतात. मी पाण्याचा तांब्या भरून देते, तो घेऊन मोरीकडे जातात, गुळण्यांचा आवाज येतो, रिकामा तांब्या आणून ठेवतात. मोरीमागचा पुदिना तेवढा या उन्हात माजला आहे. शेजारची शोभाबाई रोज ओंजळभर तोडून नेते.

तुमचं नाव परवा घरात निघालं. अंकितानेच काढलं. तिला खरं काय झालं ते नीट माहीत नव्हतं, ती तेव्हा होस्टेलला होती. मी सांगितलं. त्या मे महिन्यात मृग बहाराचा ताण सुरू होता, ऊन मरणाचं होतं, आणि माझ्या बहिणीकडे लग्न म्हणून आम्ही दोघं देवळीला गेलो होतो. झाडं पान टाकायला लागली ते तुम्हाला पाहवलं नाही. तुम्ही मोटार सुरू केली. साऱ्या बागेला पाणी दिलं. पंधरवड्यात बाग फुलली, पाऊस कुठेच नव्हता, आणि सगळं फूल उन्हात गळून आळ्यात पडलं. तो मृग गेला. यांनी बाजाराच्या दिवशी, लोकांसमोर, तुमच्या कानाखाली मारली आणि म्हणाले, "तुले झाडाची कीव येते. तुह्यानं बाग होत नाई."

चूक तुमची होती. मारायचं कारण नव्हतं. ही दोन्ही वाक्यं मी तेव्हाही बोलले होते, तुम्हा दोघांपैकी एकानेही ऐकलं नाही.

अंकिताने सगळं ऐकून विचारलं, मग काकांनी माफी का नाही मागितली? तुमचे दादा ओसरीवर होते. त्यांना ऐकू गेलं. ते म्हणाले, "तो मांगन माफी? तुह्या आज्जासारखा हाय, बैलाच्या कातड्याचा." पण आवाज रागाचा नव्हता.

मनकर्णा


९ मे २०२४

भाऊजी,

हे पत्र मी नागपूरहून लिहिते आहे, दवाखान्याच्या बाकावर. पुढचं शांतपणे वाचा.

परवा सकाळी ते बागेत पडले. उसंतीचे दिवस होते. चक्कर आली असेल, ऊन लागलं असेल, आम्हाला वाटलं. इथे रक्त तपासलं तर उरलेली एकुलती किडनी निम्म्यापेक्षा जास्त बसली आहे. डॉक्टरीणबाईने विचारलं, काका, पाणी किती पिता? ते म्हणाले, भरपूर. मी पण शपथेवर सांगितलं, मी स्वतः भरून देते.

अंकिता माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "आई, आपला पुदिना एवढा काऊन वाढला?"

भाऊजी, ते पाणी पितच नव्हते. उसंतीच्या दोन आठवड्यांत तांब्या घेऊन जायचे, तोंड खळबळून थुंकायचे आणि बाकीचं मोरीच्या पन्हळीत ओतायचे. दिवसभरात बाकीच्या औषधांपुरते चार घोट. पहिल्यापासून, दर उसंतीत, बरोबर तेवढेच दिवस.

बाईने विचारलं, का? ते खाटेवर उठून बसले आणि तिला समजावून सांगू लागले, जशी ती आधी यांना सांगत होती. "हे पाहा मॅडम, गोळी चालू हाय तवरी तिले ताण हाय. गोळी बंद झाली का ताण तुटला. अन् ताण तुटला का बहार फुटते. म्या जलमभर हेच करून राह्यलो, मले नाई समजनार? तुमी गोळी बंद ठेवा, तुमचा कायदा असन. म्या माह्याकडून ताण चालू ठेवला."

ती बाई खुर्चीत बसली. बराच वेळ हातातल्या पेनाचं टोपण काढत-लावत राहिली. मग म्हणाली, काका, गाठ पाण्यावर जगत नाही, रक्तावर जगते. पाणी तुमच्या किडनीला लागतं. ते म्हणाले, "रक्त कायचं बनते मंग?" तिने परत समजावलं, चित्र काढून. ते मान हलवत राहिले. कृषी सहायक गावात येऊन फवारणी सांगतो तेव्हा जशी हलवतात तशी. ती मान तुम्हाला माहीत आहे, ऐकायचं आणि करायचं आपलंच.

मला त्या पोरीचा राग करता आला नाही. "अगदी तसंच, काका" असं ती कौतुकाने म्हणाली होती. हा माणूस ते शेवटच्या पानापर्यंत खरं धरेल हे तिला कसं कळावं? मला कळायला हवं होतं, तर मी पुदिन्याच्या चटण्या करत बसले.

गोळी सध्या बंद केली आहे, किडनी सावरेपर्यंत. सलाईनमधून पाणी चाललं आहे. ते नळीकडे अशा नजरेने पाहतात की शत्रूने घरात पाणी सोडलं. काल सिस्टर बाहेर गेली तर यांनी नळीचं चाक फिरवून बंद केलं. मी रडले, भांडले, तांब्या तोंडाला लावला. ओठ मिटून बसतात. म्हणतात, "तू मले माराले पाह्यतं का?" पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, इथे हा माणूस घडा पालथा करून वर हात ठेवून बसला आहे.

डॉक्टरांचं त्यांना पटत नाही, माझं पटत नाही, अंकिता तर त्यांच्या लेखी अजून दूधपिती आहे. बागेचं बोलणं त्यांना बागेतलाच माणूस पटवील. असा माणूस आता या घरात एकच आहे आणि तो वाळूजला आहे. तुमचं कार्ड मी त्यांना दाखवलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं आणि उशीखाली घातलं.

तुम्ही एकदा त्यांना न विचारता ताण तोडला होता. तो तोडायला नको होता. हा तोडायला या. सुट्टी मिळत नसेल तर भाऊ मरायला टेकलाय असं सांगा. खोटं होणार नाही.

मनकर्णा


३० जून २०२४

भाऊजी,

पोचल्याचा फोन केलात, बरं केलंत. फोनवर दोघं भाऊ "हो" आणि "हाव" याच्यापुढे गेला नाहीत, ते मी शेजारी बसून ऐकत होते. माझं बोलायचं राहिलं, म्हणून पत्र. शिवाय आता सवय झाली.

तुम्हाला एक माहीत नाही. त्यांना घरी आणल्यावर तुम्ही आलात त्या दुपारी ओसरीवर तुम्ही दोघंच बसला होता आणि मी चहा ठेवते म्हणून आत गेले, तर चहा ठेवलाच नाही. दाराआड उभी होते. सगळं ऐकलं. तुम्ही तब्येत विचारली नाही, रडला नाहीत, पाया पडला नाहीत. मला वाटलं, हा आला कशाला? मग तुम्ही विचारलंत, "दादा, म्या ताण तोडला होता तवा काय झालतं?"

"नुसकान झालतं."

"थे सोड. फूल आलतं का नाई?"

"आलतं ना. बेजा आलतं."

"टिकलं?"

"टिकते कुठून लेका? अवेळी पानी देल्लं तू. समदं गळून गेलं."

"मंग आता त्या गाठीले बी अवेळीच देऊ पानी. फुटू दे बहार. गळन."

भाऊजी, मला वाटलं, हे तुम्हाला परत मारतात की काय. मी पडद्याला हात घातला होता. आणि मग हसण्याचा आवाज आला. ऑपरेशनपासून मी तो ऐकला नव्हता. खोकला आला, तरी हसत होते. "लेकाच्या, तुले अक्कल आली. बाग बुडवून आली, पन आली." आणि म्हणाले, "आन पानी."

तुम्ही आत आलात तेव्हा मी डोळे पुसत होते आणि तुम्हाला कांदा म्हणून सांगितलं. चुलीजवळ कांदा नव्हता हे तुम्ही पाहिलं असणार.

तुम्ही सांगितलं ते डॉक्टरी हिशोबात खरं की खोटं, मी बाईंना विचारलं नाही. विचारणारही नाही. तुम्ही होतात ते पंधरा दिवस दोघं एका तांब्याने पाणी प्यायलात, बागेत आळी करताना, जेवताना, उठल्यासुटल्या. किडनी जरा सावरली आहे. पुरती नाही, पण गोळी परत सुरू केली, कमी ताकदीची. आता रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून सांगतात, "गळून राह्यली गाठ. माह्या भावानं युक्ती काढली." हायवेवरच्या ढाब्यापर्यंत तुमची कीर्ती गेली आहे.

जाताना तुम्ही त्यांचे सोललेले हात हातात घेतलेत आणि सोडले नाहीत, कंडक्टर ओरडला तरी. ते घरी येऊन मला म्हणाले, "हात काऊन धरला त्यानं इतका? दुखत होता." मी म्हटलं, मग सोडवायचा होता. म्हणाले, "नाई."

मनकर्णा


२५ जुलै २०२४

भाऊजी,

फोनवर सांगता येत नाही, ते शेजारीच असतात.

स्कॅन आला. गाठी वाढल्या आहेत, नव्या दोन आहेत. गोळी मध्ये बंद ठेवावी लागली, नंतर कमी द्यावी लागली, तेवढ्यात गाठींनी रक्ताच्या दुसऱ्या वाटा काढल्या असं बाई म्हणाली. दुसरं औषध आहे, पण ते पेलायला किडनी हवी. बाई माझ्याकडे पाहून बोलत नव्हती.

मी बाहेर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "गळली का?"

मी म्हटलं, "गळतेय."

तुमचा फोन आला की तुम्हालाही विचारतील. तुम्हीही तेच सांगा.

मनकर्णा


२२ सप्टेंबर २०२४

भाऊजी,

तेरवी झाल्यावर तुम्ही निघालात आणि बसच्या पायरीवर पाय ठेवून मला विचारलंत, "वहिनी, म्या हिवाळ्यातच आलो असतो तं?" बस सुटली म्हणून मी सुटले. तेव्हापासून रोज उत्तर जुळवते आहे.

हो, भाऊजी. आला असता तर त्यांनी पाणी प्यायलं असतं. किडनी टिकली असती, गोळी पूर्ण चालली असती, थोडे महिने जास्त मिळाले असते. किती, ते बाईलाही सांगता आलं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी "काही फरक पडला नसता" असं लिहू शकते. तुमच्या दादांना मी शेवटचे दिवस खोटंच सांगत होते, मला ते आता चांगलं जमतं. पण तुम्ही अजून पुष्कळ जगणार आहात, आणि मी तुमच्याशी खोटं बोलत राहिले तर आपल्या दोघांत काही उरणार नाही.

हेही धरा की मी पहिल्याच पत्रात कॅन्सर लिहिलं असतं तर तुम्ही संक्रांतीला आला असता. मी तिळगूळ करून वाट पाहिली आणि खरी गोष्ट लिहायला घाबरले. तेव्हा सगळं ओझं एकटे उचलू नका.

आता तुम्ही नव्हतात त्या दिवसाचं लिहिते. हे अंकिताला माहीत नाही.

तान्हा पोळा होता. दुपारी गल्लीत पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती. अंकिता दारात बसून त्यांना खाऊ वाटत होती. मी आत यांच्याजवळ. पाय सुजून पोत्यासारखे झाले होते, तीन उशा लावून बसवलं तर श्वास लागत होता. डायलिसिसला ते स्वतःच नाही म्हणाले होते, आणि बाईनेही जोर केला नव्हता. तिने एक सक्त सांगितलं होतं: आता किडनी पाणी बाहेर टाकत नाही, ते फुप्फुसात चढतं. तर दिवसभरात वाटीभर, तेही चमच्या-चमच्याने. अंकिता ती वाटी सकाळी भरून झाकून ठेवायची.

मी चमचा पुढे केला. त्यांनी मान फिरवली. म्हणाले, "चमच्यानं नोको. मले तहान लागली वं."

भाऊजी, गोळी सुरू झाल्यापासून त्यांनी हा शब्द उच्चारला नव्हता. तुमच्या युक्तीनंतर ते पाणी प्यायचे, पण औषधासारखे, तुमचा शब्द म्हणून. तहान लागली असं कधीच म्हणाले नव्हते.

मी म्हटलं, डॉक्टर नाही म्हणाले. ते माझ्याकडे पाहत राहिले. ज्या माणसाने पाणी प्यावं म्हणून मी पाया पडले, भांडले, दवाखान्यातून तुम्हाला बोलावलं, तो आता मागत होता आणि मी त्याला चमचा दाखवत होते.

मी उठले. माठातून तांब्या भरला. त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि तांब्या तोंडाला लावला. ते लहान मुलासारखे दोन्ही हातांनी तांब्या धरून प्यायले, घटाघटा, मध्ये श्वास घ्यायला थांबून. छातीवर सांडलं. संपल्यावर म्हणाले, "अजून." मी अजून दिलं. ते सगळं प्यायले आणि डोळे मिटून म्हणाले, "थंड हाय."

मी त्यांची छाती पदराने पुसली, तांब्या धुऊन पालथा घातला. अंकिता आत आली तेव्हा झाकलेली वाटी तशीच भरलेली होती. तिने विचारलं, "आई, बाबांनी पाणी मागतलं का?"

मी म्हटलं, "नाही."

संध्याकाळपासून त्यांचा श्वास वाढला. दुसऱ्या दिवशी तुम्ही पोचायच्या आधी ते गेले.

तुमची
मनकर्णा